फोमिचची जागा

निम्मी भाषा येणाऱ्या माणसासारखा दुर्दैवी माणूस नाही. ज्याला काहीच येत नाही त्याच्याकडे लोक हसून बघतात, हातवारे करतात, वर बिस्किटं खाऊ घालतात. ज्याला सगळं येतं त्याची कुणी दखलही घेत नाही. पण ज्याला निम्मी येते त्याच्याशी लोक भरभर बोलतात, आणि त्याला कळलं नाही की त्याच्यावरच चिडतात. मी अडतीस वर्षं शाळेत रशियन शिकवली. निवृत्त झाल्यावर घरच्या स्वयंपाकघरात परदेशी लोकांना शिकवते. माझ्याकडे येणारे सगळे या निम्म्यातच रुतलेले असतात.

फेरित त्यातलाच एक. तुर्कस्तानातल्या बुर्सा शहराचा. रशियातल्या आमच्या गावच्या प्लायवूडच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला आणि कारखान्याच्या दवाखान्यातल्या उल्यानाशी लग्न करून इथेच राहिला. राहायला माझ्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. उल्याना माझी जुनी विद्यार्थिनी. जून महिन्यात ती त्याला हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली.

"निनेल पाव्लोव्ना, याला परीक्षा द्यायची नाही, प्रमाणपत्र नको," ती म्हणाली. "याला फक्त माझ्या बाबांशी बोलता आलं पाहिजे. डिसेंबरात बाळ येणार. तोवर हे दोघं एका टेबलाशी बसून बोलायला लागले नाहीत, तर मी जन्मभर दोघांच्या मध्ये निरोप पोचवत बसणार."

"बाबा तुझ्याशी तरी बोलतात का?" मी विचारलं.

"माझ्याशी बोलतात. म्हणजे, मान हलवतात."

तिच्या बाबांना अख्खं गाव फोमिच म्हणतं. नुसतं वडिलांच्या नावावरून हाक मारणं हा आमच्याकडे जुन्या, कामाच्या माणसाचा मान. जंगलातून लाकडं वाहणाऱ्या छोट्या रेल्वेवर त्यांनी तीस वर्षं इंजिन चालवलं. त्या खडखडाटात बोलून उपयोग नसायचा, म्हणून बोलायची सवयच मोडली असावी. बायको गेल्यावर तर उरलीसुरलीही गेली. तीन वर्षांत जावयाशी ते जे बोलले ते फेरितनं मला बोटांवर मोजून दाखवलं: ये, बस, खा, मीठ दे, दार लाव. आणि त्याच्यामागे बोलताना ते त्याला नावानं नव्हे, 'तो इंजिनिअर' म्हणायचे. हे शेवटचं त्याला लागलं होतं. सांगताना तो हसला, पण मला दिसलं.

माझी पद्धत सोपी. वही बंद, चहा पुढे, आणि तोंड उघडायचं. नियम एकच: उत्तर पुरं द्यायचं. कुठून आलास असं विचारलं आणि नुसतं 'बाजारातून' म्हटलं, तर मी दुसरा कप ओतत नाही. बाजारातून आलो, पूल ओलांडला, डाव्या हाताला वळलो, चालत आलो, वीस मिनिटं लागली, वाटेत अमुक भेटला. असं बोलल्याशिवाय भाषा अंगात मुरत नाही, हे माझं ठाम मत. होतं, म्हणू या.

शिवाय मी त्याला रोजचा गृहपाठ दिला. आमच्या इमारतीच्या दारात एक बाक आहे आणि त्या बाकावर कपितोलिना येगोरोव्ना आहे. बाक पालिकेचा असला तरी मालकी तिची. कोण किती वाजता आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, कुणाच्या घरी कशाचा वास येतोय, सगळं तिला ठाऊक. फेरितनं रोज दहा मिनिटं तिच्याशेजारी बसायचं आणि ती जे विचारेल त्याचं पुरं उत्तर द्यायचं. माझ्यापेक्षा चांगली शिक्षिका होती ती. एका महिन्यात त्याची जीभ सुटली. कपितोलिनाचा दिवसही सोन्याचा झाला, कारण इतकी वर्षं तिच्या प्रश्नांना कुणी इतक्या मनापासून उत्तरं दिली नव्हती.

ऑगस्टच्या शेवटी एका मंगळवारी फेरित धड्याला आला तो उड्या मारतच. हातात रुमालानं झाकलेलं ताट.

"निनेल पाव्लोव्ना, ते मला घेऊन गेले," तो म्हणाला. "जंगलात. अळंब्या गोळा करायला. एकट्या मला."

मी किटली खाली ठेवली. आमच्या भागात उंझा नदीच्या काठानं जंगल पसरलंय आणि ज्याची त्याची त्यात आपली जागा असते. ती जागा माणूस सख्ख्या भावाला दाखवत नाही. फोमिचची जागा तर चाळीस वर्षं गावाला हुलकावणी देत होती. लोकांनी सायकलीवरून पाठलाग केले, पण ते आपली जुनी निवा गाडी मुद्दाम उलट्या दिशेला घालायचे. परत येताना टोपलीवर नेचाची पानं झाकलेली आणि चेहऱ्यावर काहीही नाही. अशा माणसानं जावयाला नेलं, म्हणजे तोंडानं जे म्हणवत नव्हतं ते पायांनी म्हटलं.

"काही बोलले?"

"दोन वेळा. एकदा म्हणाले, 'मुळासकट उपटू नको, काप.' आणि एकदा म्हणाले, 'छान.'"

ताटात आठ पांढऱ्या अळंब्या होत्या, एकीलाही कीड नाही. आता खरं सांगते. मी शिक्षिका आहे, पण त्याआधी मी इथली आहे. माझ्या तोंडून प्रश्न निघाला तो निम्मा धडा म्हणून आणि निम्मा हावरेपणानं.

"मग सांग बघू," मी म्हटलं, "कसे गेलात? पुरं सांग. क्रियापदं नीट वापर."

आणि त्या गुणी माणसानं सांगितलं. जुन्या रेल्वेच्या रुळांपाशी गाडी लावली, दलदलीच्या कडेनं गेलो, वीज पडून दुभंगलेल्या बर्चच्या झाडापाशी उजवीकडे वळलो, ओढा ओलांडला, टेकाडावर चढलो, स्प्रूसच्या झाडांमध्ये शिरलो. एकही चूक नाही. मी त्याला शाबासकी दिली आणि रासबेरीच्या मुरांब्याची वाटी पुढे सरकवली. त्याच संध्याकाळी त्यानं गृहपाठ म्हणून तेच सगळं बाकावर कपितोलिनाला सांगितलं. तिनं मुरांबा दिला नाही, पण दोनदा म्हणवून घेतलं.

शनिवारी सकाळी सहाला मी बारा लिटरची टोपली घेऊन दुभंगलेल्या बर्चपाशी होते. वाटेत मनाशी म्हणत होते की मी फक्त फेरितचं वर्णन बरोबर आहे का ते तपासायला चाललेय. टेकाडावर पोचले तर स्प्रूसखाली कपितोलिना वाकलेली. सोबत तिचा मेहुणा, दोन बादल्या, आणि मेहुण्याचा कुणी मित्र.

"मी जरा हवा खायला आले होते," मी म्हटलं.

"मी पण," कपितोलिना म्हणाली. "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"बादल्या घेऊन?"

"तुमची टोपली काय फुलं वेचायला आहे?"

एवढ्यात मागे फांदी मोडल्याचा आवाज झाला. फोमिच उभे होते. उंच बूट, हातात टोपली, खिशातून सुरीची मूठ बाहेर आलेली. त्यांनी मेहुण्याकडे बघितलं, मित्राकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं. शेवटी माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग टोपी किंचित उचलून नमस्कार केला आणि आल्या वाटेनं परत गेले. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या टोपलीत तोवर पाच अळंब्या होत्या आणि त्या मला घशाखाली उतरेनात. अखेर मी त्या सुकवून टाकल्या.

मंगळवारी फेरित आला तो पडेल चेहऱ्यानं. रविवारी तो आणि उल्याना फोमिचकडे जेवायला गेले होते. फोमिचनं त्याच्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. उल्यानाला फक्त एवढंच म्हणाले, "मी माणूस समजून नेला होता. त्यानं गावात दवंडी पिटली." उल्याना रस्ताभर रडली होती.

"तुम्हीही होतात तिथे," फेरित म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला जड गेलं.

"होते."

"त्यांनी मला सांगितलं नव्हतं की कुणाला सांगू नको."

"तसं कुणी सांगत नाही."

"मग कळायचं कसं?"

अडतीस वर्षांत असा प्रश्न कुणी मला विचारला नव्हता. आम्हाला कळतं कसं? कुणी शिकवलेलं आठवत नाही. आमच्या घरी आजी भरली टोपली आणायची आणि शेजारीण विचारायची, आजी काहीबाही बोलायची, शेजारीण मान डोलवायची, दोघी खूश. मी ते बघत मोठी झाले. मी या पोराला बोलायला शिकवलं आणि न बोलायचं कसं ते शिकवायचंच राहिलं. भाषा निम्मी राहिली हा त्याचा दोष नव्हता, मीच ती निम्मी दिली होती. मला स्वतःचा सडकून राग आला.

"वही उघडू नकोस," मी म्हटलं. "मी कपितोलिना. तू जंगलातून आलायस. बाई गं, फेरित, एवढ्या अळंब्या! कुठे मिळाल्या?"

"जंगलात."

"ते दिसतंय. कुठल्या जंगलात?"

"दलदलीच्या..." तो थांबला.

"गेली जागा. पुन्हा. कुठल्या जंगलात?"

"आपल्या."

"नदीच्या अलीकडे की पलीकडे?"

"मी नदीकडे बघितलं नाही."

"हे कुणाला खरं वाटणार? नदी आहे ती, पेन्सिल नाही."

तो हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. मग एकदम गंभीर झाला. "पण हे खोटं बोलणं नाही का, निनेल पाव्लोव्ना? म्हातारीला मी फसवतोय."

"विचारणारीला माहीत असतं की उत्तर मिळणार नाही. ती विचारते ते विचारायचं म्हणून. न विचारलं तर तुलाच वाईट वाटेल, की एवढी टोपली आणली आणि कुणाला हेवासुद्धा वाटला नाही. आणि तू खरं सांगितलंस तर ती बिचारी करणार काय? तिला जावंच लागतं."

"तुम्हालाही जावं लागलं," तो म्हणाला. मला त्याचा कान पिरगळावासा वाटला आणि त्याच वेळी त्याच्या भाषेचं कौतुकही वाटलं.

पण एकट्या फेरितला शिकवून काय होणार? जिथे बिघडलं होतं तिथे जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी फोमिचच्या घरी गेले. ते अंगणात बर्चचे ओंडके फोडत होते. मी फाटकातूनच सुरुवात केली, कारण आत गेल्यावर धीर झाला नसता.

"दवंडी त्यानं नाही पिटली. मी पिटवली. मी विचारलं, धडा म्हणून. बाकावर जाऊन सगळं पुरं सांगायचं हा गृहपाठही माझाच. त्याला वाटलं, बाईंनी विचारलं म्हणजे सांगायचंच असतं."

कुऱ्हाड चालूच होती.

"त्याला तुमच्याशी बोलता यावं म्हणून तो आठवड्यातून दोनदा माझ्याकडे येतो, फोमिच. कारखान्यात आठ तास उभं राहून. त्यानं गावाला तुमची जागा सांगितली ती मिरवायला सांगितली. जागा नाही मिरवली. तुम्ही त्याला नेलंत, ते मिरवलं."

फोमिच थांबले. कुऱ्हाड ओंडक्यात रुतवली, टोपी काढून डोकं पुसलं.

"ती जागा काय," ते म्हणाले, "तशी बरी आहे. पाहुण्यांची."

मला समजायला एक क्षण लागला. चाळीस वर्षं गाव जिच्यामागे होतं ती फोमिचची जागा ही नव्हतीच. तीन वर्षं पारखून झाल्यावर जावयाला त्यांनी दाखवली ती बाहेरची खोली होती. आतलं दार अजून बंदच होतं.

"मग त्याच्यावर एवढे चिडलात कशाला?"

"आतली दाखवणार होतो," फोमिच म्हणाले. "सप्टेंबरात." आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

मी फाटक ओढून घेतलं. माझ्याही वाट्याला जरा न बोलणं आलं होतं.

सप्टेंबर निम्मा सरला. चार दिवस पाऊस लागला, मग ऊन पडलं. त्या शनिवारी दुपारी मी बाकावर कपितोलिनाशेजारी बसले होते. जंगलातल्या भेटीनंतर आमच्यात थोडी मैत्रीच झाली होती. निवा दारात येऊन थांबली. एका बाजूनं फोमिच उतरले, दुसऱ्या बाजूनं फेरित. दोघांच्या टोपल्यांवर नेचाची पानं. फेरितच्या गुडघ्यापर्यंत चिखल, केसांत काटक्या.

कपितोलिनानं फोमिचकडे पाहिलंही नाही. तिथून काही निघत नाही हे तिला ठाऊक होतं. ती सरळ मऊ मातीकडे, म्हणजे फेरितकडे वळली.

"फेरित बाळा, दमलास ना? बस. कुठून आलात रे एवढ्या उशिरा?"

फोमिच गाडीच्या दाराशी उभे राहिले. किल्ली लावायची राहिली.

फेरित बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं आता तो 'जंगलातून' म्हणेल आणि लाल होऊन गप्प बसेल. पण गप्प बसणं त्याच्या स्वभावातच नाही. तो बोलायला लागला.

"काय सांगू कपितोलिना येगोरोव्ना, पहाटे पाचला निघालो. इतकं धुकं की मला माझेच बूट दिसेनात. डावा बूट गळतो, उल्याना सांगत होती नवे घे, मी ऐकलं नाही. मग चालत गेलो. चाललो, चाललो, बसलो, थर्मासमधला चहा प्यायलो, पुन्हा चाललो. डास तर असे की मला वाटलं माझ्या आईला पत्र पाठवावं, मुलगा संपला. एक हरीण दिसलं. किंवा गाय असेल, धुकं होतं. फोमिच म्हणाले, शेपूट बघ. मी बघितलं, शेपूट दिसेना. मग एका झाडापाशी वळलो..."

"कुठल्या झाडापाशी?" कपितोलिना पुढे झुकली.

"तेच तर. मोठं झाड होतं. आमच्याकडे बुर्सात इतकी मोठी झाडं रस्त्यात असतात, खाली चहाची टपरी असते. मला घरची आठवण आली. मी फोमिचना सांगितलं, इथे टपरी पाहिजे होती..."

पुरी दहा मिनिटं. एकही वाक्य अपुरं नाही. क्रियापदं सगळी जागच्या जागी. कपितोलिनानं सहा प्रश्न विचारले आणि सहांची उत्तरं मिळाली. त्यातून तिला बूट कळले, डास कळले, तुर्की चहा किती वेळ उकळतात तेही कळलं. जंगल नदीच्या अलीकडचं की पलीकडचं, तेवढं मात्र राहिलं. शेवटी ती मागे टेकली आणि म्हणाली, "हं. जंगलातून आलात तर."

"हो," फेरित म्हणाला. "जंगलातून."

फोमिचनं गाडीचं दार लावलं. मग त्यांनी बाकाकडे बघून असं काही केलं जे मी त्यांची बायको गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ते हसले.

"आमचा फेरित ना," ते कपितोलिनाला म्हणाले, "बोलायला लागला की असाच. थांबतच नाही."

आमचा. कपितोलिनाच्या कानावरून ते गेलं असेल, फेरितच्या नाही. तो उठताना टोपलीचा दांडा सोडून नेचाची पानंच धरायला गेला.

दुसऱ्या दिवशी फोमिचच्या घरी मलाही बोलावणं आलं. बटाटे, कांदा आणि अळंब्या साजूक लोण्यात परतलेल्या, वर आंबट साय आणि शेपू. उल्याना खुर्चीत मागे रेलून बसली होती, हात पोटावर. सगळ्यांनी दोनदा वाढून घेतलं. मग फोमिचनं ताट बाजूला सारलं आणि जावयाकडे वळले.

"तुमच्याकडे," त्यांनी विचारलं, "जंगल आहे का?"

उल्यानानं काटा खाली ठेवला. बाबांनी प्रश्न विचारला होता. प्रश्न, आणि तोही उत्तर हवं म्हणून.

"आहे," फेरित म्हणाला. "डोंगरावर. अळंब्यांना आम्ही जात नाही. चेस्टनटची झाडं आहेत. एक माझ्या आजोबांचं. त्याला गावात सगळ्यांच्या आधी फळं पिकतात. त्यांनी ते माझ्या वडिलांनासुद्धा दाखवलं नाही, मला दाखवलं. मी सात वर्षांचा होतो." तो थबकला. "मला आत्ता कळतंय. तेही तसंच होतं. पण मला तिथे कधी कुणी विचारलंच नाही, म्हणून..."

"अजून आहे?"

"आहे. वरच्या गावात बस सोडायची, कारंज्याच्या मागून पायवाट जाते, मग..."

"थांब," फोमिच म्हणाले आणि त्यांनी जावयाच्या मनगटावर हात ठेवला. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. "निनेल पाव्लोव्ना, तेवढी किटली बघता का? उकळली असेल."

किटली गॅसवर ठेवलीसुद्धा नव्हती. मी उठले, स्वयंपाकघरात गेले आणि मागे दार ओढून घेतलं. माझा विद्यार्थी इतकं चांगलं बोलत असताना मी खोलीबाहेर जाण्याची ही पहिलीच वेळ. दाराआडून शब्द कळत नव्हते. फेरितचा आवाज येत होता, मध्येच फोमिचचा, पुन्हा फेरितचा. मी पाणी भरलं, गॅस बारीक केला आणि किटलीला उकळायला हवा तेवढा वेळ घेऊ दिला.